एका माणसाने किती अणुभट्ट्यांवर लक्ष ठेवावं? कंट्रोल रूमच्या स्क्रीनबद्दल सल्ला हवाय

स्नेहल_पिंपरी

नमस्कार मंडळी,

माझं काम कारखान्यांच्या कंट्रोल रूममधले स्क्रीन डिझाइन करण्याचं. आजवर साखर कारखान्यांचे बॉयलर, एक-दोन औषध कंपन्या, एक दूध डेअरी. गेल्या महिन्यात आमच्याकडे वेगळंच काम आलं: छोट्या अणुभट्ट्यांच्या कंट्रोल रूमचा आराखडा. सध्या नुसता अभ्यास आहे, बांधकाम वगैरे काही नाही. चार भट्ट्या, एकच कंट्रोल रूम, पॅनलवर एक ऑपरेटर आणि मागे एक सुपरवायझर.

पहिल्याच मीटिंगमध्ये समोरच्या साहेबांनी सांगून टाकलं, "ही भट्टी बिघडली तर आपोआप बंद पडते, आपोआप थंड होते. ऑपरेटरला काही करायचंच नाहीये. तुम्ही फक्त स्क्रीन देखणा करा."

मी केला देखणा. गडद राखाडी पार्श्वभूमी, चार चौकोन, प्रत्येकात एक आकडा आणि एक हिरवी टिक. सगळं ठीक असेल तर बास, एवढंच. टीममध्ये सगळ्यांना आवडला. मला मात्र त्या चार टिकांकडे बघून कसंतरीच होतं, आणि का होतं ते नीट सांगता येत नाही. सांगता आलं नाही तर मीटिंगमध्ये ऐकणार कोण?

तर प्रश्न दोन. ज्याला काही करायचंच नाही तो माणूस आठ तास तिथे बसून करणार काय? आणि ज्या दिवशी खरंच करायची वेळ येईल, त्या दिवशी त्याला ते कळणार कसं? प्रत्यक्ष पाळीत बसलेलं कोणी इथे असेल तर फार बरं होईल.

---

लोटेकर

अणुभट्टीतलं मला शष्प कळत नाही, पण लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल प्लांटच्या डीसीएससमोर, म्हणजे सगळा प्लांट चालवणाऱ्या संगणकासमोर, अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो.

आमच्या धंद्यातला ठोकताळा असा की एका माणसाला दहा मिनिटांत दहापेक्षा जास्त अलार्म आले की तो पूर समजायचा. मग वाचत कोणी नाही, नुसतं ॲकनॉलेज, म्हणजे "बघितला" असं सांगणारं बटण, दाबत सुटतात. मीही दाबले आहेत, खोटं कशाला बोला. वेल्समध्ये मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत १९९४ च्या जुलैत स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. काय वाचणार माणूस?

आता तुमच्या चार चौकोनांकडे या. एका वेळी एकच भट्टी रुसेल असं धरून ते काढलेत, हो ना? ग्रिड गेली तर चारही भट्ट्या एकदम बोंबलणार. भूकंपात तेच. बिचारा कुठल्या चौकोनाकडे आधी बघेल, ते त्याला तुम्ही सांगणार की त्याने ठरवायचं?

---

कोर्व्हॅलिसचा_कोल्हापूरकर

योगायोगाने मी त्याच गावात शिकतोय जिथे हा प्रश्न सगळ्यात आधी रीतसर मांडला गेला. ओरेगन राज्यातलं कोर्व्हॅलिस. न्यूस्केल कंपनीची छोटी भट्टी इथल्याच विद्यापीठातल्या संशोधनातून निघाली. मी कंपनीत नाही, त्यामुळे आतलं काही विचारू नका.

त्यांचा मूळ आराखडा बारा भट्ट्यांचा होता, प्रत्येकी ५० मेगावॅट, आणि सगळ्या एकाच कंट्रोल रूममधून. अडचण अशी झाली की अमेरिकेच्या नियमात किती भट्ट्यांना किती परवानाधारक ऑपरेटर हवेत याचा जो तक्ता आहे, त्यात एका कंट्रोल रूममधून दोनपेक्षा जास्त भट्ट्या चालवण्याची कल्पनाच नव्हती. मग त्यांनी इथे बारा भट्ट्यांचा सिम्युलेटर उभा केला, खरे ऑपरेटर बसवले, त्यांच्यावर नाना संकटं सोडली आणि कामाचा ताण, परिस्थितीचं भान वगैरे मोजून नियामकाला दाखवलं. आधी सहा जणांच्या पाळीला मान्यता मिळाली, नंतर तिघांच्या. भट्टी बारा, माणसं तीन!

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये त्या ५० मेगावॅटच्या डिझाइनला प्रमाणपत्र मिळालं, पण आयडाहोतला पहिला प्रकल्प त्याच वर्षी नोव्हेंबरात खर्चापायी रद्द झाला. म्हणजे तिघांत बारा जमतात हे सिम्युलेटरवर सिद्ध झालंय, वर्षानुवर्षं रात्रपाळ्या काढून नाही. दुसरं, सिम्युलेटरवर येणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की आज काहीतरी घडणार आहे. तो कान टवकारूनच खुर्चीत बसतो.

---

निवृत्त_पाळीवाला

स्नेहल, वयाने लहान असणार म्हणून अगं-तुगं करतो. ३१ वर्षं पाळीत काढली, त्यातली शेवटची नऊ शिफ्ट चार्ज म्हणून. केंद्र कुठलं ते विचारू नकोस. टायपिंग हळू आहे, पण आज वेळ आहे.

आधी तुझ्या टिकांबद्दल.

मला लायसन्स मिळून चार महिने झाले होते. पहाटेचे साडेतीन. पॅनलवर अलार्मची एकही विंडो पेटलेली नाही, चहाची किटली नुकतीच आलेली. आमच्याकडे एक मालवणी ऑपरेटर होते, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. कप हातात घेऊन ते पॅनलसमोरून सावकाश चालत जायचे, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. त्या दिवशी एका मेकअप टाकीच्या, म्हणजे कमी झालेलं पाणी भरून काढणाऱ्या टाकीच्या, लेव्हलसमोर थांबले आणि म्हणाले, "ह्यो काटो हलणा नाय. मेलो काय?" मी म्हटलं, बरोबर जागेवर तर आहे. म्हणाले, "म्हणानच विचारतंय."

जिवंत लेव्हलचा काटा कधी स्थिर नसतो. पंप चालू असतो, पाणी हिंदकळतं, काटा केसभर थरथरत राहतो. दुपारी इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी कॅलिब्रेशन केलं होतं आणि लेव्हल मोजणाऱ्या ट्रान्समीटरला टाकीशी जोडणारा एक आयसोलेशन व्हॉल्व्ह उघडायचा राहून गेला होता. आम्ही बारा-तेरा तास आदल्या दुपारचं पाणी बघत बसलो होतो. फील्डवर माणूस पाठवला तर टाकी अर्ध्याखाली. नुकसान काही झालं नाही, भरून घेतली. पण मी त्या काट्याकडे त्या रात्री निदान दहादा बघितलं होतं आणि लॉगबुकात आकडाही लिहिला होता. माझ्याच अक्षरात, तासातासाला, तोच आकडा.

तुझी हिरवी टिक म्हणजे तो काटा. "मला शेवटचं कळलं तेव्हा ठीक होतं" असं ती म्हणत नाही, नुसतं "ठीक आहे" म्हणते. तुला कसंतरी होतं ते यामुळे होत असावं. संगणकात तर आकडा गाळून, गुळगुळीत करून दाखवतात. थरथर आधीच पुसलेली असते.

अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रातल्या अपघाताचं तू वाचलंच असशील. १९७९. तिथल्या पॅनलवरच्या एका दिव्याने व्हॉल्व्हला बंद व्हायची आज्ञा गेली एवढंच सांगितलं, माणसांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं वाचलं. तो उघडाच राहिला होता आणि दोन तासांहून अधिक वेळ पाणी जात होतं. ते सगळ्यांना पाठ आहे, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

मला तुझ्या साहेबांना जे ऐकवायचंय ते फुकुशिमाचं आहे, आणि तिथलं त्सुनामीइतकं न बोललं गेलेलं. एक नंबरच्या युनिटला आयसोलेशन कंडेन्सर होता. पंप नाही, मोटर नाही. भट्टीतली वाफ वर चढते, पाण्याच्या टाकीतल्या नळ्यांत थंड होते, पाणी होऊन आपल्या वजनाने परत खाली येते. म्हणजे तुमचे लोक आज ज्याला "आपोआप थंड होते" म्हणतात त्याचाच आजोबा. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांतही याच जातीची सोय आहे, १९६९ पासून.

११ मार्च २०११ ला भूकंप झाला आणि हा कंडेन्सर आपोआप सुरू झाला. इथपर्यंत साहेबांचं बरोबर. तो इतका चांगला चालला की भट्टी ताशी ५५ अंशांच्या मर्यादेपेक्षा वेगाने थंड व्हायला लागली, म्हणून ऑपरेटरांनी नियमाप्रमाणे तो बंद केला आणि मग व्हॉल्व्ह हाताने चालू-बंद करत वेग सांभाळू लागले. नेमका बंद असताना त्सुनामी आली. वीज गेली, बॅटऱ्या गेल्या, पॅनलवरचे दिवे गेले. आता हा कंडेन्सर चालू आहे की बंद, हे त्या अंधाऱ्या खोलीतल्या कोणालाच सांगता येईना. बाहेर इमारतीच्या भिंतीला वाफेची दोन नळकांडी आहेत, डुकराच्या नाकपुड्या म्हणतात तिथे त्यांना. त्यातून वाफ येतेय का ते बघायला सांगितलं. थोडी दिसतेय, असा निरोप आला. थोडी म्हणजे किती? नीट चालत असताना किती येते? हे सांगणारा माणूस पाळीत नव्हता, कारण त्या पाळीतल्या एकानेही तो कंडेन्सर आयुष्यात कधी प्रत्यक्ष चालवलेला नव्हता. वरच्या लोकांनी तो चालू आहे असं धरलं आणि त्या समजुतीवर कितीतरी तास गेले. पहिली वितळलेली भट्टी ती.

तर साहेबांना विचार: आपोआप थंड होते हे मान्य, पण होतेय हे कळणार कशावरून? पंप चालू असेल तर अँपिअर दिसतात, आवाज येतो, जमीन थरथरते. नुसत्या उष्णतेने आपसूक फिरणाऱ्या पाण्याला आवाज नसतो आणि त्याचा प्रवाह इतका मंद की साध्या मीटरवर धड दिसतही नाही. पंपवाल्या भट्टीपेक्षा इथे बघणाऱ्याचं काम अवघड झालंय, सोपं नाही. बीएआरसीच्या प्रगत जड पाण्याच्या भट्टीचा आराखडा सात दिवस माणसाने हात न लावता निभावेल असा केलाय. उत्तम आहे, मला त्याचा अभिमानच आहे. पण त्या सात दिवसांत पाळीतला माणूस हाताची घडी घालून बसेल असं ज्याला वाटतं, तो कधी पाळीत बसलेला नाही. माणूस काहीतरी करणारच. काही दिसत नसेल तर घाबरून करेल.

दुसरं, सवय. जपानची मोंजू भट्टी, सोडियमवर चालणारी. १९९५ च्या डिसेंबरात सोडियम गळून आग लागली आणि ती बंद पडली, ती मे २०१० मध्ये परत सुरू झाली. चौदा वर्षं! सुरू केल्यावर चार दिवसांत एक ऑपरेटर नियंत्रणाचा दांडा आत घालत होता. अगदी तळाशी पोचताना दांड्याचा वेग कमी होतो, म्हणून बटण जास्त वेळ दाबून धरायचं असतं. त्याला ते माहीत नव्हतं. धोका काही नव्हता, पण तू त्या बटणाचा विचार कर. शाळेतल्या पोराला पाच मिनिटांत शिकवता येईल अशी गोष्ट, आणि ती कोणाच्या बोटांत उरलेली नव्हती. त्याच ऑगस्टमध्ये इंधन बदलायचं ३.३ टनांचं यंत्र भट्टीत पडलं, ते बाहेर काढायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. सोडियम दुधासारखा अपारदर्शक, आत काय झालंय ते दिसत नाही. कल्पाक्कमच्या आपल्या छोट्या फास्ट ब्रीडरमध्येही १९८७ साली इंधन हलवताना असाच घोळ झाला होता आणि परत चालू व्हायला दोन वर्षं गेली. म्हणून सांगतो, कंट्रोल रूमपुरतंच बघू नकोस. नव्या भट्ट्यांत आंधळेपणाने करायची कामं इंधनाकडे जास्त आहेत आणि तिथल्या स्क्रीनकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

बोटं दुखली. उरलेलं नंतर.

---

स्नेहल_पिंपरी

काका, किती आभार मानू. तुमचा काटा मी काल रात्री आमच्या डेटावर लावून बघितला. आम्ही दर सेकंदाला येणारा आकडा दहा सेकंदांच्या सरासरीने दाखवत होतो आणि अर्ध्या टक्क्याच्या आतला बदल दाखवतच नव्हतो, "युजरला त्रास नको" म्हणून. हे मीच लिहिलेलं होतं. आता प्रत्येक आकड्याशेजारी गेल्या दोन तासांची कच्ची रेघ टाकली आहे, न गाळलेली. आणि सिग्नल संशयास्पद सरळ झाला तर रेघ फिकट पडते. अलार्म नाही, नुसती फिकट.

लोटेकर, तुमचं बरोबर आहे, मी एकेकट्या बिघाडाचाच विचार केला होता. चारही एकदम गेल्या तर काय, याचा वेगळा स्क्रीन करतेय.

काका, अजून दोन शंका. आठ तास करायचं काय, हे राहिलंच. आणि सगळेच स्क्रीन गेले तर?

---

निवृत्त_पाळीवाला

फिकट पडणारी रेघ आवडली. आमच्या मालवणी बुवांना दाखवायला हवी होती.

आठ तासांचं. जुन्या पॅनलवर माणूस नकळत काम करत असायचा. पेन रेकॉर्डरच्या कागदावर शाईची रेघ ओढली जायची, त्याचा बारीक खरखर आवाज यायचा, आणि कागद अडकला की पाठ वळलेली असतानाही कळायचं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. डावीकडून तिसरं पॅनल, खालून दुसरी विंडो. अंधारात हात जाईल. पुढे मी संगणकवाल्या कंट्रोल रूममध्ये पाहुणा म्हणून गेलो, तेव्हा तिथला पोरगा एका पंपासाठी चार पानं उघडत होता आणि चौथं उघडेपर्यंत पहिल्यावर काय होतं ते विसरत होता. फ्रान्सवाल्यांनी शूझच्या नव्या भट्ट्यांत, १९९६ च्या सुमाराला, सगळं संगणकावर नेलं, पण समोरच्या भिंतीवर अख्ख्या केंद्राचं एक मोठं चित्र कायमचं ठेवलं. ते बदलत नाही, कोणी पान उलटत नाही. तसं काहीतरी तुझ्या चार भट्ट्यांना दे. आणि चारही एकाच क्रमाने मांड. आमच्या दोन युनिटांची पॅनलं आरशातल्यासारखी उलटी होती, कोणा वास्तुविशारदाला ती सममिती छान वाटली असणार. दमलेला माणूस दोन नंबरच्या युनिटवर उभा राहून एक नंबरचा पंप बंद करायला हात डावीकडे नेतो. मी नेलाय. शेजाऱ्याने मनगट धरलं म्हणून निभावलं.

त्याला खोटं काम देऊ नकोस. दर अर्ध्या तासाने "मी जागा आहे" असं बटण दाबायला लावशील तर तो झोपेत दाबेल. खरं काम दे: एखादी चाचणी, एखादा व्हॉल्व्ह चालवून बघणं, एक फेरी, आणि लॉगमध्ये आकडे हाताने लिहिणं. हो, हाताने, संगणक सगळं नोंदवत असला तरी. हाताने लिहिताना मागच्या तासाच्या आकड्याकडे नजर जाते. माझी गेली नव्हती, ते वर सांगितलंच. पुढे पंचवीस वर्षं गेली.

पहाटेचं विशेष बघ. आम्ही म्हणायचो, अणुभट्ट्यांना पहाटेचं वेड असतं. थ्री माइल आयलंड चार वाजता, चेर्नोबिल रात्री १ वाजून २३ मिनिटांनी, आणि आपलं उत्तर प्रदेशातलं नरोराही पहाटेच. फुकुशिमाच तेवढं भर दुपारी.

नरोराचं सांगतो, म्हणजे तुझ्या दुसऱ्या शंकेचं उत्तर मिळेल. ३१ मार्च १९९३. टर्बाइनची पाती तुटली, जनरेटरमधला हायड्रोजन पेटला, केबली जळाल्या आणि सगळी वीज गेली. १७ तास. भट्टी बंद केली होती, पण कंट्रोल रूममध्ये धूर इतका भरला की माणसांना तिथून बाहेर पडावं लागलं. म्हणजे स्क्रीन, पॅनल, खुर्ची, सगळं सोडून. मग काहीजण टॉर्च घेऊन इमारतीत वर चढले आणि भट्टी बंदच राहावी म्हणून बोरॉनचं पाणी तिच्यात सोडायचे व्हॉल्व्ह हाताने उघडले. अग्निशमनाचे डिझेल पंप होते, त्यांनी स्टीम जनरेटरला पाणी दिलं. तशी वेळ कुठल्याच पुस्तकात नव्हती. त्यांना केंद्र पायांनी माहीत होतं म्हणून जमलं.

तुझ्या साहेबांच्या आराखड्यात दोनच माणसं आहेत ना? एक पॅनलवर, एक मागे. मग वर कोण चढणार, हे मीटिंगमध्ये विचार. आणि व्हॉल्व्हवरच्या पाट्या टॉर्चच्या उजेडात, मास्क घालून, वाचता येतात का, हेही. पाट्यांचं डिझाइन कोणाकडे आहे? बहुधा कोणाकडेच नसेल. तूच घे.

ता.क. तुझी टिक हिरवी आहे. आपल्याकडच्या वीज केंद्रांत लाल म्हणजे चालू किंवा उघडा, हिरवा म्हणजे बंद. साखर कारखान्यात तू उलट केलं असशील. पाळीतून आलेला माणूस तुझे चार हिरवे चौकोन बघून चारही भट्ट्या बंद आहेत असं समजेल आणि निवांत चहा प्यायला जाईल.

---

लोटेकर

काका, आमच्या प्लांटात एका बाजूला लाल म्हणजे चालू आणि नव्या बाजूला हिरवा म्हणजे चालू आहे. दोन वेगळ्या कंत्राटदारांनी केलं. मधल्या दारावर मार्करने लिहून ठेवलंय.

---

स्नेहल_पिंपरी

फोटो मिळेल का त्या दाराचा? सोमवारी मीटिंग आहे.